गोव्यातला जुना वस्तरा: नाव नंतर वाचा, आधी पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळंगुटच्या बाजूला जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून तुम्ही जर्मनीतल्या ‘सोलिंगन’ गावच्या छापाचा वस्तरा साडेतीन हजारांना घेतला. त्याचे फोटोही तुम्ही पाठवलेत. सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडून त्याला दोनदा धार लावून घेतली. तरी दाढी होत नाही, केस ओढले जातात, कातडी जळजळते. आता दुसरा घ्यायचा तर गोव्यात तो कुठे शोधावा, काय बघून घ्यावा, आणि पहिल्याचं काय करावं?

मी डिचोलीचा. माझे आजोबा काखेत धोकटी मारून घरोघर दाढी करायला जायचे आणि सुगीनंतर घरटी भात आणायचे. वडिलांनी पुढे बाजारात सलून घातलं. मी स्वतः गेली 22 वर्षं जुने वस्तरे शोधतो, साफ करतो, निसण्यावर म्हणजे धारेच्या दगडावर लावतो आणि रोज त्यांनीच दाढी करतो. या काळात शेकडो वस्तरे हातातून गेले. दुकानात उभं राहून पात्यावरचं नाव वाचणारा माणूस फसतो आणि पाठ बघणारा वाचतो, हे मी त्यांतूनच शिकलो. तुमचीही गडबड तिथेच झाली असं मला वाटतं.

आधी गोव्यात हे वस्तरे आले कुठून ते समजून घ्या, कारण वस्तरा कोणाच्या हातात होता यावर त्याची आजची अवस्था ठरते. पहिला प्रवाह आमच्या धंद्यातला. नाभिकाचा वस्तरा म्हणजे पोटापाण्याचं हत्यार. दिवसाला 20-25 दाढ्या, रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवणं, आठवड्याला निसणा. असा वस्तरा 30 वर्षांत झिजून बोटभर रुंदीचा अर्धा उरतो. आजोबांच्या धोकटीतला वस्तरा माझ्याकडे आहे. त्याचं पातं आज जेमतेम 9 मिलिमीटर रुंद आहे. तो मी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलाय, पण तुम्हाला दाढीसाठी असा वस्तरा घ्या म्हणून कधी सांगणार नाही. एड्सची जागृती झाल्यावर सलूनवाल्यांनी अर्धं ब्लेड बसवायचे वस्तरे घेतले आणि जुने सगळे एकदम भंगारात गेले. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्यांत झिजलेले वस्तरे भरपूर असतात.

दुसरा प्रवाह तारवट्यांचा, म्हणजे बोटीवर कामाला जाणाऱ्या गोंयकारांचा, आणि आफ्रिकेत, आखातात नोकरी करून परतलेल्यांचा. मोझांबिक, नैरोबी, कुवेत अशा ठिकाणांहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकांत हे वस्तरे आले. घरगुती माणूस आठवड्याला दोन-तीनदा दाढी करायचा, ती फक्त स्वतःची. पुढे सेफ्टी रेझर आला की वस्तरा डबीत जाऊन बसायचा. जिलेटच्या रेझरला अमेरिकेत 1904 साली पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धानंतर तो जगभर पसरला, म्हणजे या डब्या फार पूर्वीपासून बंद पडत आल्या आहेत. असा वस्तरा गंजलेला असेल, पण झिजलेला नसतो. गंज काढता येतो. झिजलेलं लोखंड कोणी परत आणून देत नाही.

तिसरा प्रवाह मला सगळ्यांत प्रिय आहे. 1955 साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, पण मुरगाव बंदरातून युरोपचा माल येतच राहिला. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा पणजी, मडगाव, म्हापशाच्या दुकानांत जर्मन घड्याळं, कात्र्या, वस्तरे शेल्फावर होते. त्यातले काही विकलेच गेले नाहीत. दुकान बंद झालं, माल माळ्यावर गेला, वारसांनी 40-50 वर्षांनी माळा साफ केला. पुठ्ठ्याच्या डबीत, मेणकागदात, तेलाचा थर सुकून पिवळा पडलेला असा न वापरलेला वस्तरा मला आजवर चार वेळा मिळाला. डबीच्या आत पोर्तुगीजमध्ये ‘नवाल्या’ म्हणजे वस्तरा हा शब्द छापलेला पाहिला की माझे हात थरथरतात.

हे वस्तरे मिळतात कुठे? किनाऱ्यावरच्या झगमगीत दुकानांत कमी. तिथे दिवे, घंगाळी, होकायंत्रं असतात. वस्तरा असलाच तर काचेच्या पेटीत, चकचकीत घासून, भलत्या किमतीला. हणजुण्याचा बुधवारचा बाजार मी सोडून दिलाय. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र चुकवत नाही. तिथे कडेला गोणपाटावर कुलपं, बिजागऱ्या, जुनी हत्यारं मांडून बसणारे असतात. सकाळी 8 च्या आत जा. मडगावकडचे भंगारवाले बघा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जुनं फर्निचर घेणारे. सासष्टी-बार्देश तालुक्यांतली मोठी घरं रिकामी होतात तेव्हा शिसवी ड्रेसिंग टेबलं, कपाटं हे लोक उचलतात. खणात सापडलेलं किरकोळ सामान ते एका खोक्यात टाकतात आणि खोकं टेबलाखाली ढकलून देतात. कपाटाची चौकशी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते खोकं कोणी दाखवत नाही. तुम्ही मागायचं. ‘न्हाव्याचं जुनं सामान, दाढीचं काही आहे का’ एवढंच विचारा. ‘अँटिक वस्तरा’ म्हणालात की किंमत तिथेच दुप्पट.

एक प्रसंग सांगतो, त्यात सगळी तपासणी येते. दोन वर्षांपूर्वी म्हापशाला एका गोणपाटावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत स्क्रू, चाव्या, तुटकी जपमाळ आणि तीन वस्तरे. दोन पितळी मुठीचे, एक काळ्या मुठीचा, तांबडा गंज धरलेला. मी म्हटलं, “बाब, हें कितल्याक?” पितळीचे हजार-हजार, गंजक्याचे 300. पितळीचे मी उघडूनही पाहिले नाहीत. का ते पुढे सांगतो. गंजका उघडला, खिशातून फडकं काढून पाठ पुसली आणि उजेडाकडे धरली.

पाठ म्हणजे धारेच्या समोरची जाड कड. वस्तरा निसण्यावर लावताना तो सुरीसारखा कोन करून धरत नाहीत, आडवा टेकवतात. धार आणि पाठ दोन्ही दगडाला लागतात. म्हणजे धारेचा कोन कारागिराच्या हातावर अवलंबून नसतो, तो पाठीच्या जाडीत आणि पात्याच्या रुंदीत कारखान्यातच बांधून दिलेला असतो. यातली खुबी अशी की वर्षानुवर्षं लावताना धार जशी झिजते तशी पाठही थोडी झिजते आणि कोन कायम राहतो. ही जोडी बिघडली की नाव कोणाचंही असो, त्या पात्याने दाढी होत नाही.

म्हणून खिशात छोटा व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकपट्टी ठेवा, प्लास्टिकचाही चालतो. पाठीची जाडी मोजा, पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी मोजा, आणि रुंदीला जाडीने भागा. उत्तर साडेतीनच्या आसपास आलं तर धारेचा कोन साधारण 16-17 अंश बसतो, आणि तो उत्तम. 3 ते 4 च्या मधलं काहीही मी घेतो. 3 च्या बरंच खाली आलं तर पातं रुंदीत खाल्लं गेलंय पण पाठ तशीच राहिलीय. कोन 20-22 अंशांवर जातो आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ढकलतो. 4 च्या वर गेलं तर कोणीतरी पाठच घासून टाकलीय. धार फार पातळ होते, एका दाढीत मोडते. या दुसऱ्या रोगावर थोडा इलाज आहे. निसण्यावर लावताना पाठीला विजेच्या वायरीची चिकटपट्टी लावली की कोन जवळपास 1 अंशाने वाढतो. पहिल्या रोगावर पाठ घासून पातळ करण्यावाचून उपाय नाही, आणि ते काम नवख्याचं नाही.

म्हापशाच्या त्या वस्तऱ्याची पाठ 5 मिलिमीटर आणि रुंदी 17 निघाली. म्हणजे 3.4. पाठीवर दगडाने घासल्याची चकचकीत पट्टी असते, तीही बघायची. ती केसाएवढी बारीक होती, दोन्ही बाजूंना सारखी, टाचेपासून म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची. पट्टी 2 मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नसेलच, तर समजा की कोणीतरी वाकड्या हाताने लावलाय किंवा पातंच पिळलेलं आहे.

नंतर धारेची रेघ. वस्तरा डोळ्यासमोर आडवा धरून धार वरून बघा. सरळ असेल तर बरं. मधे किंचित फुगीर, हसऱ्या ओठासारखी असेल तर तेही बरं. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे मुळातच तसे घडवायचे. मधे खोलगट असेल तर ठेवून द्या, दगडाला मधला भाग लागतच नाही. टाचेशी किंवा टोकाशी बारीक तुकडा उडालेला असेल तर घाबरायचं कारण नाही, 1 मिलिमीटरपर्यंतचा तुकडा घासून निघतो.

तडा मात्र माफ नाही. पोकळ घासलेलं पातं, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजू आत वळलेल्या असतात, धारेपाशी कागदाहून पातळ असतं. त्यात धारेपासून वर जाणारी केसासारखी चीर पडते आणि ती साध्या नजरेला दिसत नाही. जवाहिऱ्याकडे असते तशी 10 पटीची भिंग वापरा आणि मोबाइलचा दिवा पात्याच्या मागून तिरपा धरा. मग पाठीच्या बाजूने पाते चिमटीत हलकेच धरून नखाने टिचकी मारा. धड पातं किणकिणतं; तडा असेल तर आवाज थप असा मरतो. जाड, पाचरीसारख्या पात्याला ही आवाजाची परीक्षा लागू नाही, ती पाती तशीही गात नाहीत. सुरुवातीच्या काळात मी एका दुकानातून अतिशय देखणा, पात्यावर सोनेरी नक्षी कोरलेला वस्तरा घेतला. भिंग घरी राहिली होती. तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर फिरवताना टोकाकडचा पाव इंचाचा तुकडा तुटून पट्ट्यात रुतला. तो गालावर तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनात येतो. त्या दिवसापासून भिंग गळ्यातच असते.

गंजाविषयी. तांबडा गंज वरवरचा असतो, तेल आणि बारीक स्टील वुलने निघतो. काळसर-करडा थर पोलादाचं रक्षणच करतो, त्याला हात लावू नका. प्रश्न खड्ड्यांचा. पाठीकडे, मानेवर (पातं आणि मूठ यांच्या मधल्या भागावर), मधल्या अंगावर खड्डे असले तर दाढीला काही फरक पडत नाही. धारेपासून 2-3 मिलिमीटरच्या आत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील तर धार करत करत तुम्ही त्या खड्ड्यापर्यंत पोचणार आणि तिथे धार फुटणार. आपल्याकडे आणखी एक दुखणं आहे. दुकानदार तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर वस्तराही चिंच-मीठ किंवा भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या सोलांनी घासून लख्ख करतात. पितळेला ते ठीक. कार्बन पोलादाला आंबट आणि मीठ म्हणजे विष. वरून चांदीसारखं दिसणारं पातं भिंगेखाली वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखं दिसतं. म्हणूनच चकचकीत वस्तऱ्यापेक्षा मी गंजका पसंत करतो. गंजक्यात काय आहे ते दिसतं तरी.

मुठीकडे लोक फार भाळतात, म्हणून तिथे थोडं सावध करतो. पिवळसर पांढरी मूठ दिसली की दुकानदार हस्तिदंत म्हणून सांगतो. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड असतं. अंगठ्याने जोरात चोळून गरम करा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते कापूर घालूनच बनवत. त्यावरच्या रेषाही आखल्यासारख्या समांतर असतात. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसते. ती दिसली तर वस्तरा खाली ठेवा आणि निघा: वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे, कासवाच्या कवचाची मूठही त्यातच येते. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

सेल्युलॉइड जुनं झालं की आतून कुजतं आणि आम्लाची वाफ सोडतं. मुठीला बारीक चिरा, आत धुरकट-तपकिरी डाग, नाकाला झोंबणारा वास, आणि मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच जास्त गंज ही त्याची खूण. हे मी फार महाग शिकलो. एका पावसाळ्यात असा एक वस्तरा मी दुसऱ्या सहांबरोबर एकाच डब्यात झाकून ठेवला. गणपतीच्या साफसफाईत डबा उघडला तेव्हा सातही पाती तांबड्या बुरशीसारख्या गंजाने भरलेली. दोन वाचली. कुजकी मूठ दिसली की ती ताबडतोब वेगळी करा, खिळा घासून पट्ट्या काढून टाका आणि नव्या बसवा. शिंगाच्या मुठी मला सर्वांत भरवशाच्या वाटतात. किड्यांनी कुरतडलेल्या नसल्या तर रेड्याच्या शिंगाची मूठ माणसापेक्षा जास्त जगते.

आता नावं. ती शेवटी घेतली, कारण पाठ, धार, तडा आणि गंज या चारांतून पास झाल्यावरच ती वाचायची असतात. पात्यामागच्या मानेवर छाप असतो. इंग्लंडचं शेफिल्ड, जर्मनीचं सोलिंगन, फ्रान्सचं तिएर आणि स्वीडनचं एस्किल्सतुना ही चार गावं लक्षात ठेवा. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सवर तारा आणि माल्टीज क्रॉस असतो, बरेचदा ‘6 नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ताही. जॉर्ज वोस्टनहोमचा छाप ‘आय एक्सएल’. सोलिंगनच्या हेंकल्सवर जुळी माणसं, ही खूण 1731 सालची आहे. डोवो 1906 चा कारखाना. स्वीडनचा हेल्येस्ट्रांड गोव्यात मला एकदाच मिळाला. तसं पोलाद पुन्हा हाताला लागलं नाही.

काळ ओळखायला देशाचं नाव मदत करतं. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं केलं, त्यामुळे पात्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990 च्या मधला. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ‘डब्ल्यू आर’ असेल तर तो राजा चौथा विल्यम, म्हणजे 1830 ते 1837. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ‘सिल्व्हर स्टील’ असा छाप बघून पात्यात चांदी आहे असं समजू नका. मायकेल फॅरडे आणि लंडनचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी 1820-22 च्या सुमारास पोलादात चांदी मिसळायचे प्रयोग केले, आणि नंतर तो शब्द कारखानदारांनी नुसता छापायला घेतला. याच स्टोडार्टने आपल्या जाहिरातीत लिहिलं होतं की भारतातून आलेलं ‘वूट्झ’ पोलाद आपल्याला युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा पसंत आहे. कन्नडमधलं ‘उक्कु’, तेच हे वूट्झ. शेफिल्ड-सोलिंगनची नावं घेताना मला हे नेहमी आठवतं आणि बरं वाटतं.

ते पितळी मुठीचे वस्तरे का उघडले नाहीत? कारण जड पितळी मूठ, त्यावर ठोकलेलं जहाज किंवा राणीचं चित्र, आणि पात्यावर खोल, जाडजूड इंग्रजी अक्षरं ही जोडी जवळपास नेहमी नवी निघते. होकायंत्रं, दुर्बिणी जशा ‘जुन्या’ करून विकतात तशीच ही. जुना छाप बारीक, नेमका आणि कडांनी झिजलेला असतो. नकली वस्तऱ्याची पाठ मोजलीत तर भागाकारच जमत नाही, कारण तो कधी दाढीसाठी केलेलाच नसतो.

किमतीचं एकच धोरण ठेवा: निसण्यावर लागेपर्यंत प्रत्येक जुना वस्तरा हा जुगार आहे, म्हणून जुगाराएवढेच पैसे लावा. मी गंजक्याला 200 ते 500 देतो, साफ आणि मापात बसणाऱ्याला हजार-दीड हजार, डबीतल्या न वापरलेल्याला एकदा 2,800 दिले. दुकानदाराला दोष दाखवून त्याच्या मालाची बदनामी करू नका. माप घ्या, भिंग लावा, गप्प राहा आणि तुमचा आकडा सांगा. हा माणूस दर महिन्याला येतो हे त्याला कळलं की पुढची ट्रंक उघडताना तो तुम्हाला फोन करतो. परदेशी पाहुण्यासाठी घेत असाल तर 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय देशाबाहेर नेऊ देऊ नका. आणि दाबोळी असो वा मोपा, वस्तरा विमानात हातातल्या पिशवीत न्यायचा नाही.

घरी आणल्यावर आधी साबण-कोमट पाण्याने धुवा, कोरडा करा, 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि 10 मिनिटं ओला राहू द्या. उकळू नका, मूठ जाते. पॉलिशच्या मशीनवर धरू नका. पातळ धार क्षणात तापते, आणि पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे टणकपणा, गेला. निसण्याचा क्रम असा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक): 1000 ने धारेचा पाया, मग 4000, 8000, शक्य झालं तर 12000, आणि शेवटी कापडावर व चामड्यावर 50-60 फेऱ्या. पायाला घाई केली तर पुढचं सगळं वाया. धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढा आणि दगडावर दोन हात द्या. शाई टाचेपासून टोकापर्यंत धारेच्या अगदी कडेपर्यंत गेली तरच पुढच्या दगडावर जा.

आणि पावसाळा. 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात वस्तरा बाथरूममध्ये ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. दाढी झाली की पुसा, मुठीच्या आतही टिशूची घडी सरकवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं आणि ओल धरतं. चामड्याच्या म्यानात, मखमली पेटीत जून ते सप्टेंबर ठेवू नका. कपड्यांच्या कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा.

तुमच्या वस्तऱ्याचं आता. सोलिंगन हे नाव 1938 पासून जर्मन कायद्याने संरक्षित आहे आणि फोटोतला छाप मला खरा वाटतो. दुकानदाराने तिथे फसवलेलं नसावं. बिघाड चाकावर झालाय. सुरीला धार लावणारा पातं चाकाला तिरपं लावतो; त्याला पाठ टेकवायची माहिती नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याचं काम वेगळं. फोटोत धारेच्या कडेला 2 मिलिमीटरची आडवी ओरखड्यांची पट्टी दिसते, पाठीवर मात्र दगड लागल्याची खूणच नाही. म्हणजे धारेला दुसराच कोन पडलाय. कडेला निळी-तपकिरी झाक आहे का ते दिवसाच्या उजेडात बघा. असेल तर तेवढा भाग घासून काढावा लागेल. नसेल तर 1000 च्या निसण्यावर पाठ टेकवून, धीराने, दीड-दोन तासांत तो कोन निघेल. त्याआधी रुंदी आणि पाठीची जाडी मोजून मला कळवा. भागाकार 3 च्या वर असेल तर वस्तरा घेऊन डिचोलीला या, माझ्याच निसण्यावर बसून आपण तो लावू. 3 च्या खाली असेल तरी फेकू नका, मूठ शिंगाची आहे. ती दुसऱ्या पात्याला होईल.